काचबिंदूचे थेंब आणि डोळ्यांची चुरचुर: बाटलीतले प्रिझर्व्हेटिव्ह कसे मोजावे आणि कसे कमी करावे

काचबिंदूचे थेंब बहुतेकांना वर्षानुवर्षे घालावे लागतात. सुरुवातीला काही जाणवत नाही. मग हळूहळू डोळे चुरचुरू लागतात, संध्याकाळी लाल दिसतात. वाचताना अक्षरे मधूनच धूसर होतात आणि पापणी मिटून उघडली की पुन्हा स्वच्छ होतात. अशा वेळी कुणी ‘हे औषध मला सोसत नाही’ म्हणून थेंब परस्पर बंद करतो, तर कुणी ‘काचबिंदू म्हटला की एवढे व्हायचेच’ म्हणून सोसत राहतो. दोन्ही चुकीचे. पुष्कळदा त्रास औषधाचा नसतो. औषध टिकावे म्हणून बाटलीत घातलेल्या प्रिझर्व्हेटिव्हचा असतो आणि औषध तेच ठेवून तो कमी करता येतो. मात्र त्यासाठी आधी रोज डोळ्यात किती प्रिझर्व्हेटिव्ह पडते ते मोजले पाहिजे.

खाली सांगितलेला औषधांमधला कोणताही बदल डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहून दिल्यावरच करायचा. थेंब थांबवले की डोळ्याचा दाब वाढतो, पण डोळा बहुधा दुखत नाही, लाल होत नाही, काही कळतही नाही. उलट चुरचुर थांबल्यामुळे बरेच वाटते. तोवर दृष्टिमज्जेचे (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे) जे नुकसान होते ते भरून येत नाही.

प्रिझर्व्हेटिव्ह असते कशाला आणि करते काय

थेंब पडला की पिचकलेली बाटली पुन्हा फुगताना बाहेरची हवा आत ओढते. टोक पापणीच्या केसांना किंवा बोटाला लागले तर जंतूही आत जातात. महिनाभर वापरायच्या बाटलीत त्यांची वाढ होऊ नये म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. सर्वांत जास्त वापरले जाते ते बेंझाल्कोनियम क्लोराइड, म्हणजेच बीएके. काचबिंदूच्या थेंबांत त्याचे प्रमाण साधारण ०.००५ ते ०.०२ टक्के असते.

बीएकेची जात साबणाची. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, दुसरे चरबीकडे. जंतूंच्या पेशीचे आवरण चरबीयुक्त असते. बीएके त्यात घुसून ते फोडते. अडचण अशी की डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींचे आवरणही त्याच घडणीचे असते आणि बीएकेला दोन्हींत फरक करता येत नाही.

पहिला फटका अश्रूंच्या थराला बसतो. या थरात वर तेल, मध्ये पाणी आणि डोळ्याला लागून चिकट म्यूसिन असते. भांड्यावरचा तेलकट थर साबणाने फुटावा तसे वरचे तेल फुटते आणि पाणी लवकर उडते. म्यूसिन तयार करणाऱ्या, नेत्रश्लेष्मलेतल्या (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यातल्या) गॉब्लेट पेशींची संख्या घटते, त्यामुळे पाणी पृष्ठभागावर नीट पसरत नाही. त्याखाली पारपटलाच्या (बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याच्या) वरच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. ते सांधे सैल होतात, काही पेशी मरतात आणि बारीक ठिपक्यांएवढ्या जागा उघड्या पडतात. कोरडेपणामुळे सूज येते आणि सुजेमुळे कोरडेपणा वाढतो. हे चक्र एकदा फिरू लागले की फक्त कृत्रिम अश्रू घालून थांबत नाही.

बीएके पेशींना चिकटून साठत राहते. सकाळच्या थेंबातले पुरते निघून जाण्याआधी संध्याकाळचा थेंब पडतो. म्हणून त्रास एका थेंबाने होत नाही. तो रोजच्या थेंबांच्या संख्येने आणि वर्षांच्या हिशेबाने वाढतो.

पारपटलातल्या बारीक संवेदी तंतूंवरही परिणाम होतो. त्यांची घनता घटली की डोळ्याला टोचणेच कमी जाणवते. म्हणजे ज्याचा पृष्ठभाग सर्वांत खराब, त्याची तक्रार सर्वांत मोठी असेलच असे नाही. ‘आता पूर्वीसारखे चुरचुरत नाही, पण अंधुक दिसते’ हे ऐकून निश्चिंत होऊ नये.

आधी मोजणी

एक कागद घ्या आणि डोळ्यात जाणारी प्रत्येक बाटली समोर ठेवा. काचबिंदूच्या बाटल्याच नव्हेत. कृत्रिम अश्रू, अॅलर्जीचे थेंब, लाली घालवणारे थेंब, सगळ्या. प्रत्येकीसाठी औषधाचे नाव, रोज किती वेळा, प्रिझर्व्हेटिव्ह कोणते आणि किती टक्के, या चार गोष्टी लिहा. प्रिझर्व्हेटिव्हचे नाव लेबलवर घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत असते; तिथे नसेल तर खोक्यातल्या दुमडलेल्या कागदावर पाहा. कधी टक्के दिलेले असतात, कधी मिलिग्रॅम. दर मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम म्हणजेच ०.०२ टक्के.

आता हिशेब. थेंब ३० मायक्रोलिटरचा धरला, तर ०.०२ टक्के बाटलीतल्या एका थेंबात ६ मायक्रोग्रॅम बीएके असते, ०.०१ टक्के बाटलीतल्या थेंबात ३ आणि ०.००५ टक्के बाटलीतल्या थेंबात दीड. याला रोजच्या वेळांनी गुणा.

चार बाटल्या वापरणाऱ्याचे उदाहरण घेऊ. लॅटानोप्रोस्ट ०.०२ टक्के बीएकेवाले, रात्री एकदा: ६ मायक्रोग्रॅम. टिमोलॉल ०.०१ टक्केवाले, दोनदा: ६. डॉर्झोलामाइड ०.००७५ टक्केवाले, तीनदा: पावणेसात. ब्रिमोनिडिन ०.००५ टक्केवाले, दोनदा: ३. एका डोळ्यात दिवसाला आठ थेंब आणि पावणेबावीस मायक्रोग्रॅम. शिवाय डोळे कोरडे होतात म्हणून ०.०१ टक्के बीएके असलेले कृत्रिम अश्रू चार वेळा: आणखी १२. म्हणजे कोरडेपणावरचा उपाय म्हणून घातलेली बाटलीच सर्वांत मोठा वाटा उचलते. ही चूक फार सर्रास दिसते आणि सुधारायला सर्वांत सोपी आहे.

आता तीच चारही औषधे ठेवून मांडणी बदलू. डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉल एकत्र असलेली बाटली दोनदा: साडेचार. लॅटानोप्रोस्ट एकदा: ६. ब्रिमोनिडिन दोनदा: ३. कृत्रिम अश्रू प्रिझर्व्हेटिव्हविरहित: शून्य. एकूण साडेतेरा, आधीच्या पावणेचौतीसच्या निम्म्याहूनही कमी. लॅटानोप्रोस्टही प्रिझर्व्हेटिव्हविरहित घेतले तर साडेसात.

हे आकडे तुलनेसाठी आहेत. ‘अमुक मायक्रोग्रॅमपर्यंत सुरक्षित’ अशी रेषा त्यांतून काढू नये, कारण तोच आकडा एकाला काही करत नाही आणि दुसऱ्याला रडवतो. कंपनीप्रमाणेही प्रमाण बदलते, म्हणून वरचे आकडे उचलू नका. स्वतःच्या बाटलीवरचे घ्या.

लेबल वाचताना एक सापळा लक्षात ठेवा. औषधाची टक्केवारी कमी म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह कमी, असे नसते. बिमाटोप्रोस्टच्या मूळ उत्पादनात ०.०३ टक्के औषधासोबत बीएके ०.००५ टक्के होते. पुढे आलेल्या ०.०१ टक्के औषधात ते ०.०२ टक्के, म्हणजे चौपट आहे. औषध सौम्य, बाटली तीव्र.

बीएके नाही म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हच नाही, असे नव्हे

काही थेंबांत बीएकेऐवजी दुसरे प्रिझर्व्हेटिव्ह असते. प्युराइट हे क्लोरीनयुक्त ऑक्सिडीकारक आहे. डोळ्यात पडल्यावर त्याचे विघटन होऊन मीठ, पाणी आणि ऑक्सिजन हेच उरते. ते काही ब्रिमोनिडिन थेंबांत असते. सॉफझिया ही बोरिक आम्ल, झिंक, सॉर्बिटॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल यांची रचना आहे. ती एका ट्रॅव्होप्रोस्ट उत्पादनात वापरली गेली. पॉलिक्वाड बीएकेच्याच कुळातले, पण रेणू खूप मोठा असल्याने पेशीत सहज शिरत नाही. ही तिन्ही बीएकेपेक्षा सौम्य आहेत आणि मधला मार्ग म्हणून चांगली आहेत. तरीही पृष्ठभाग आधीच खराब असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह मुळीच नसलेले थेंब बरे.

यादीत ‘डायसोडियम इडेटेट’ दिसले तर दचकू नका. तो बीएकेला जोर देणारा साथीदार आहे, पण एकटा असेल तर मुख्य आरोपी नव्हे.

बीएकेमुळे औषध डोळ्यात जास्त शिरते आणि ते काढले तर दाब नीट उतरणार नाही, अशी शंका नेहमी येते. बीएके पेशींचे सांधे सैल करते हे खरे. पण टाफ्लुप्रोस्ट, लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट यांच्या बीएकेविरहित रूपांनी दाब तितकाच उतरतो, हे चाचण्यांत दिसले आहे. तरीही बदलानंतर दाब तपासायचाच.

त्रास प्रिझर्व्हेटिव्हचा की औषधाचा?

बदल करण्याआधी हे ओळखणे महत्त्वाचे, नाहीतर महागडी बाटली आणूनही त्रास तसाच राहतो.

थेंब पडताच झोंबते आणि अर्ध्याएक मिनिटात शमते, तर बहुधा ती द्रावणाची आम्लता असते. डॉर्झोलामाइडचे हे ओळखीचे लक्षण. प्रिझर्व्हेटिव्ह काढूनही ते झोंबतेच. ब्रिंझोलामाइड कमी झोंबते, पण ते दुधाळ असल्याने काही मिनिटे धूसर दिसते. तेही प्रिझर्व्हेटिव्हचे काम नव्हे.

जोरात खाज, पापणीची कातडी लाल आणि खवलेदार, खालच्या पापणीच्या आत बारीक फोडांसारखे उंचवटे: ही अॅलर्जी. ब्रिमोनिडिनची अॅलर्जी अनेक महिने व्यवस्थित वापरल्यावरही अचानक उभी राहते, म्हणून ‘वर्षभर चालले, आता कशी होईल’ हा युक्तिवाद टिकत नाही. तिथे औषधच बदलावे लागते. बीएकेचीही खरी अॅलर्जी असू शकते, पण त्याचा नेहमीचा त्रास विषारीपणाचा असतो. त्यात खाजेपेक्षा चुरचुर आणि कण गेल्यासारखे वाटणे जास्त.

लॅटानोप्रोस्टच्या कुळातले औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत येणारी लाली औषधाची असते आणि अनेकांत आपोआप कमी होते. पापण्यांचे केस लांब-दाट होणे, पापणीची कातडी काळवंडणे, डोळ्याभोवतीची चरबी झिजून डोळे खोल दिसणे हे सगळे औषधाचेच.

उरते ते प्रिझर्व्हेटिव्हचे चित्र: महिन्या-वर्षांत हळूहळू वाढणारी चुरचुर, दिवस सरता वाढणारी धूसरता, वारा किंवा पंखा लागला की पाण्याच्या धारा, बाटल्या वाढल्या तसा वाढलेला त्रास. डोळे कोरडे असताना पाणी का येते, हे अनेकांना पटत नाही. पृष्ठभाग उघडा पडून टोचले की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते, पण त्यात तेल आणि म्यूसिन पुरेसे नसल्याने ते टिकत नाही, गालावर येते. वयोमानाने येणारा कोरडेपणाही असाच दिसतो आणि बऱ्याच जणांत दोन्ही एकत्र असतात. त्यामुळे शंभर टक्के दोष बाटलीवर टाकणेही बरोबर नाही.

तपासणीला जाताना काय मागायचे

दाब मोजून घेतला, चिठ्ठी पुढे चालू, एवढ्यावर तपासणी उरकते आणि पृष्ठभागाकडे पाहायचे राहून जाते. म्हणून स्वतःहून सांगा. तुमचा मोजणीचा कागद दाखवा आणि फ्लुओरेसीन रंग घालून पृष्ठभाग पाहायला सांगा. निळ्या प्रकाशात उघड्या जागा हिरव्या ठिपक्यांसारख्या चमकतात. थेंब खालच्या बाजूला साचतात, म्हणून प्रिझर्व्हेटिव्हचे ठिपके बहुधा पारपटलाच्या खालच्या भागात आणि नाकाकडच्या बाजूला जास्त दिसतात.

त्याच रंगावर अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो ते कळते. १० सेकंदांपेक्षा कमी म्हणजे थर अस्थिर. शिर्मर चाचणीत कागदाची पट्टी पापणीत ५ मिनिटे ठेवतात. ती ५ मिलिमीटरही ओली झाली नाही तर अश्रू बरेच कमी आहेत. त्रासाची तीव्रता आकड्यात हवी असेल तर १२ प्रश्नांची ओएसडीआय प्रश्नावली भरा. तिचे गुण ० ते १०० असतात: १२ पर्यंत ठीक, १३ ते २२ सौम्य, २३ ते ३२ मध्यम, ३३ पासून पुढे तीव्र. बदलाआधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा भरली की ‘जरा बरे वाटते’च्या जागी आकडा हाती येतो.

दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायची ती, कोरड्या डोळ्यांनी बिघडते. टक लावून बसल्यावर पापणी कमी मिटते, थर फुटतो, ठिपके धूसर होतात आणि अहवाल काचबिंदू वाढल्यासारखा येतो. त्यावरून औषध वाढवले की आणखी एक बाटली, आणखी प्रिझर्व्हेटिव्ह. म्हणून तपासणीच्या काही मिनिटे आधी प्रिझर्व्हेटिव्हविरहित पातळ कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घाला (दाट जेल नको, त्याने धूसर दिसते) आणि मध्ये पापण्या मिटायला मुळीच संकोच करू नका. अहवाल अनपेक्षितपणे खराब आला तर आधी पृष्ठभाग सुधारून तपासणी पुन्हा करावी का, हे विचारा.

बदल कोणत्या क्रमाने

पहिली पायरी कृत्रिम अश्रूंची. ते प्रिझर्व्हेटिव्हविरहित घ्या. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर याला पर्याय नाही. लाली घालवणारे थेंब सोडा. त्यांतले नॅफाझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिन रक्तवाहिन्या आकसते, असर उतरला की लाली दुप्पट होते, शिवाय बहुतेकांत बीएके असते. ज्यांच्या डोळ्याचा कोन (डोळ्यातले पाणी जिथून बाहेर निघते ती जागा) अरुंद आहे त्यांना ते घातकही ठरू शकतात. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब तर हातीही धरू नका. आराम लगेच पडतो आणि दाब गुपचूप चढतो.

दुसरी पायरी थेंबांची संख्या. दोन औषधे एका बाटलीत मिळतात का, ते विचारा. टिमोलॉल असलेली जोडबाटली घेताना दमा किंवा मंद नाडी असेल तर आवर्जून सांगा.

तिसरी पायरी उरलेल्यांपैकी सर्वांत जास्त भार टाकणारी बाटली प्रिझर्व्हेटिव्हविरहित करण्याची. सगळ्या एकदम बदलणे परवडत नसेल तर मोजणीच्या कागदावर जिचा आकडा मोठा तिच्यापासून सुरुवात करा. एका वेळी एकच बदल आणि चार ते सहा आठवड्यांनी दाबाची तपासणी. दोन बदल एकदम केले तर कशाने बरे वाटले आणि कशाने दाब बिघडला, हे कुणालाच सांगता येत नाही.

चौथी वाट लेसरची. खुल्या कोनाच्या काचबिंदूत एसएलटी लेसरने (डोळ्यातले पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीवर मारायच्या लेसरने) थेंब कमी किंवा काही काळ बंदही करता येतात. ब्रिटनमधल्या लाइट चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तीत सुरुवातीलाच लेसर दिलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्ण तीन वर्षांनी थेंबांशिवाय ठरवलेल्या दाबात होते. परिणाम कायमचा नसतो आणि बंद कोनाच्या काचबिंदूत हा मार्ग नेहमीचा नाही. पण थेंब सोसत नसतील तर विचारून पाहायला हवे.

प्रिझर्व्हेटिव्हविरहित थेंब सर्वांनाच हवेत असे नाही. रात्री एकच थेंब आणि पृष्ठभाग निरोगी, तर बदलाची घाई नको. परवडत नाही म्हणून अधूनमधून घातलेल्या प्रिझर्व्हेटिव्हविरहित थेंबापेक्षा रोज न चुकता घातलेला बीएकेवाला थेंब केव्हाही श्रेष्ठ. प्राधान्य हवे ते आधीपासून कोरडे डोळे, श्योग्रेन आजार (शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू-लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो) किंवा पापण्यांची जुनाट सूज असलेल्यांना, तीन किंवा जास्त बाटल्या वापरणाऱ्यांना, अजून काही दशके थेंब घालायचे आहेत अशा तरुणांना आणि काचबिंदूची शस्त्रक्रिया ठरत असलेल्यांना. शेवटच्यांना का? सुजलेल्या नेत्रश्लेष्मलेत जखम भरताना जास्त व्रण धरतो आणि पाणी बाहेर पडायला केलेली नवी वाट बुजते. त्यांचा पृष्ठभाग शस्त्रक्रियेआधी काही आठवडे सुधारून घेणे फायद्याचे.

एकदा वापरायच्या कुप्या आणि झडपेच्या बाटल्या

प्रिझर्व्हेटिव्ह नाही म्हणजे जंतूंना अडवणारेही काही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत दूषित प्रिझर्व्हेटिव्हविरहित कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांशी जोडलेली औषधांना न जुमानणाऱ्या स्युडोमोनास जंतूंची साथ आली. १८ राज्यांत ८१ रुग्ण, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचे डोळे काढावे लागले, चौघांचा मृत्यू झाला. त्यामुळे पुढचे नियम काटेकोर पाळायचे.

छोट्या प्लास्टिक कुपीचे डोके पिळून तोडा, थेंब घाला, लगेच टाकून द्या. उरलेले औषध वाया जाते हे पाहवत नाही, पण दुपारसाठी कागदात गुंडाळून ठेवणे म्हणजे जंतूंना पाहुणचार. काही कृत्रिम अश्रूंच्या कुप्यांना परत बसणारे टोपण असते. लेबलवर तास दिले असतील तर तेवढेच तास. कुप्यांचे चंदेरी पाकीट उघडले की आतल्या कुप्यांची मुदत वेगळी सुरू होते. ती तारीख पाकिटावर पेनाने लिहा आणि कुप्या त्यातच ठेवा.

झडप किंवा जिवाणूगाळणी असलेल्या बाटलीत हवा आत जाताना गाळली जाते किंवा द्रव परत आतच जात नाही. तिची तक्रार एकच: थेंब लवकर येत नाही. जोरात झटका न देता सावकाश दाबत राहा. नवी बाटली पहिल्यांदा वापरताना कागदावर सांगितल्याप्रमाणे सुरुवातीचे थेंब बाहेर काढा. टोकाला सुई लावली की सगळी रचना निकामी होते. बोटांत जोर नसेल तर बाटली दाबायला मिळणारे साधन घ्या किंवा घरच्या कुणाला घालायला सांगा.

सुईचा मोह साध्या बाटल्यांतही आवरा. अनेकांच्या टोपणात आतून काटा असतो. टोपण शेवटपर्यंत घट्ट पिळले की टोकाला नेमके भोक पडते. सुईने पाडलेले भोक मोठे होते, थेंब फुगतो, प्रिझर्व्हेटिव्ह जास्त पडते आणि बाटली महिन्याआधी संपते.

थेंब घालताना

हात धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. मऊ लेन्स बीएके शोषून घेते आणि दिवसभर सोडत राहते, म्हणून पुन्हा लावायला १५ मिनिटे थांबा. दुधाळ औषध हलवून घ्या. मान मागे, खालची पापणी हलकेच ओढा, टोक कशालाही न लावता एकच थेंब खाचेत सोडा. खाचेत साधारण ३० मायक्रोलिटरच मावते, बाटलीतला थेंब अनेकदा त्याहून मोठा असतो; दुसरा थेंब गालावरच जातो.

मग डोळा अलगद मिटा, आवळू नका, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटे दाबा. औषध नाकात उतरत नाही, डोळ्यात जास्त वेळ टिकते. बाहेर आलेले लगेच टिपा आणि काही मिनिटांनी पापणीची कातडी ओल्या कापसाने पुसा. काळवंडणे आणि कातडीची आग दोन्ही कमी होतात. दोन औषधांत किमान ५ मिनिटे अंतर हवे. कृत्रिम अश्रू काचबिंदूच्या थेंबानंतर १० मिनिटांनी आणि जेल किंवा मलम सर्वांत शेवटी. जळजळले म्हणून लगेच कृत्रिम अश्रू ओतले तर औषध धुऊन निघते.

पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर रोज ५ ते १० मिनिटे कोमट शेक द्या आणि कडा स्वच्छ करा. बुबुळावर दाब देऊन चोळायचे नाही. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी शेक-मालिश डॉक्टरांना विचारूनच करावी.

किती दिवसांत फरक पडतो

चुरचुर दोन ते चार आठवड्यांत उतरू लागते, ठिपके भरायला आणि थर स्थिर व्हायला दोन-तीन महिने लागतात. गॉब्लेट पेशी आणि संवेदी तंतू त्याहून सावकाश सावरतात. संवेदना परतताना काही दिवस टोचणे उलट वाढल्यासारखे वाटू शकते. तीन महिन्यांनंतरही आकडे जागचे हलले नाहीत तर कारण बाटलीबाहेर आहे. तेलग्रंथी, अॅलर्जी किंवा दुसरा आजार शोधायला हवा.

पुढील गोष्टींसाठी तीन महिने सोडा, दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये: एकाएकी दृष्टी कमी होणे, दिव्याभोवती रंगीत वलये आणि सोबत डोके दुखून मळमळणे, तीव्र वेदना, उजेड मुळीच सहन न होणे, पुवासारखे चिपड. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेला डोळा लाल होऊन चिकटू लागला तर, ती शस्त्रक्रिया दहा वर्षांपूर्वीची असली तरी, त्याच दिवशी दाखवा आणि वापरात असलेल्या सगळ्या बाटल्या सोबत न्या.